कोब्रा : असल आणि नक्कल

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या रविवारी सकाळी रस्त्यावर कोब्रा मोटार दिसली, तर ती मूळ कोब्रा नसण्याचीच शक्यता फार मोठी. मूळ मोटारी १९६२ ते १९६७ या अवघ्या पाच-सहा वर्षांत बनल्या आणि त्यांची एकूण संख्या हजाराच्या आसपास राहिली. त्यांच्या प्रतिकृती मात्र पुढील दशकांत हजारोंनी तयार झाल्या आणि आजही होत आहेत. येथे नक्कल असलाहून कित्येक पटींनी अधिक आहे, आणि ती घेणारा ग्राहक बहुधा फसलेला नसून पूर्ण जाणतेपणी पैसे मोजणारा आहे. व्यवहाराची ही तऱ्हा व्यापारी घराण्यांनी थोडी जवळून पाहण्यासारखी आहे.

मुळात कोब्रा हीच एक जुळवाजुळव होती. इंग्लंडच्या सरे परगण्यातील थेम्स डिटन येथे एसी कार्स नावाचा छोटा कारखाना होता. त्याची 'एस' नावाची दोन आसनांची सुंदर मोटार ब्रिस्टल कंपनीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर चाले. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते इंजिन बनवणे थांबवले आणि कारखान्यापुढे प्रश्न उभा राहिला. त्याच सुमारास कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा शर्यतवीर नव्या उद्योगाच्या शोधात होता. १९५९ साली रॉय साल्वाडोरीसह ॲस्टन मार्टिन चालवून त्याने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पण हृदयविकारामुळे त्याला लवकरच शर्यती सोडाव्या लागल्या. तुमच्या मोटारीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवू द्याल का, असे त्याने एसी कार्सला पत्राने विचारले. फोर्डकडे तेव्हा वजनाने हलके असे नवे व्ही-८ इंजिन तयारच होते. इंग्लंडचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे हाताने ठोकून घडवलेले अंग आणि अमेरिकेचे इंजिन यांचा संयोग होऊन फेब्रुवारी १९६२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पहिली कोब्रा उभी राहिली. शेल्बीचे भांडवल त्या वेळी मुख्यतः त्याची जीभ आणि ओळखी हेच होते.

त्या पहिल्या मोटारीचा क्रमांक सीएसएक्स २०००. तिची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. वेगवेगळी मासिके चाचणीसाठी मोटार मागू लागली तेव्हा शेल्बीकडे दाखवायला ही एकच मोटार होती. मग प्रत्येक मासिकाकडे पाठवण्यापूर्वी तिला नवा रंग दिला जाई. वाचकांना वाटे, कारखाना जोरात चालला असून मोटारींची रांग लागली आहे. असलपणाचा जिला आज मानदंड मानतात, तिची कीर्ती अशी एकीच्या अनेक भासवून सुरू झाली! हीच मोटार २०१६ साली अमेरिकेतील मॉन्टेरे येथील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली.

शर्यतीत मात्र कोब्राने जे मिळवले ते निखळ होते. उघड्या अंगाची मोटार लांब सरळ रस्त्यावर वाऱ्यापुढे हरते, हे लक्षात आल्यावर पीटर ब्रॉक या तरुण आरेखकाने तिला बंद छपराचे, मागे झटकन छाटलेले अंग दिले. 'डेटोना कूपे' नावाच्या अशा फक्त सहा मोटारी बनल्या आणि त्यांच्या जोरावर १९६५ साली मोठ्या इंजिनांच्या गटातील जीटी मोटारींचे जागतिक अजिंक्यपद फेरारीच्या हातून अमेरिकन संघाकडे आले. त्याच वर्षी सात लिटरच्या '४२७' इंजिनाची, रुंद खांद्यांची कोब्रा आली. आज प्रतिकृती म्हणून जी दिसते ती बहुधा हीच. पण या मोटारीचा व्यापारी इतिहास तितकासा चमकदार नाही. शर्यतीच्या मान्यतेसाठी शंभर मोटारी दाखवणे आवश्यक होते. तपासणीच्या वेळी जेमतेम निम्म्या तयार होत्या. मान्यता मिळाली नाही, आणि शर्यतीसाठी बांधलेल्या पण ग्राहक नसलेल्या मोटारींवर थोडे फेरफार करून त्या 'एस/सी', म्हणजे अर्ध-स्पर्धात्मक, या नावाने रस्त्यावरच्या ग्राहकांना विकाव्या लागल्या. गोदामात अडकलेला माल काढण्याची ती युक्ती होती. आज त्याच मोटारी सर्वांत मोलाच्या मानल्या जातात. आणखी एक बाब जाणकारांनाच ठाऊक असते. '४२७' म्हणून विकलेल्या कित्येक मूळ मोटारींत प्रत्यक्षात फोर्डचे स्वस्त '४२८' इंजिन बसवलेले होते. म्हणजे एखाद्या हौशी माणसाने आपल्या प्रतिकृतीत खरे ४२७ इंजिन बसवले, तर त्या एका बाबतीत त्याची नक्कल काही अस्सल मोटारींपेक्षा नावाला अधिक जागते.

प्रतिकृतीचा बाजार उभा राहिला तो सरळ हिशेबावर. मूळ ४२७ कोब्रा घ्यायची तर आज दहा लाख डॉलरच्या घरात रक्कम लागते. उत्तम प्रतिकृती तिच्या दशांशात किंवा त्याहूनही कमी खर्चात मिळते. शिवाय मूळ मोटार घेणारा ती चालवायला घाबरतो. एक ओरखडा म्हणजे एका घराची किंमत. फायबरच्या अंगाची प्रतिकृती घेणारा पावसातही बाहेर पडतो.

प्रतिकृती प्रतिकृतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि निवड करताना पहिली गाठ येथेच पडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॅक्टरी फाइव्ह ही १९९५ पासूनची कंपनी सुट्या भागांचा संच विकते. सांगाडा, अंग आणि शेकडो लहानमोठे भाग खोक्यांतून येतात. इंजिन, गिअरपेटी वगैरे ग्राहकाने जुन्या फोर्ड मस्टँगमधून काढावी किंवा नवी आणावी. ज्याला हातांनी काम करण्याची आवड आहे, ज्याच्याकडे मोकळी जागा आणि कित्येकशे तास आहेत, त्याच्यासाठी ही वाट. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला, म्हणजे आजच्या केबेर्हा शहरी, बनणाऱ्या सुपरफॉर्मन्सच्या मोटारी रंगरंगोटीसह जवळजवळ पूर्ण येतात. फक्त इंजिन व गिअरपेटी विक्रेत्याकडे बसते. २०१९ च्या 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' या चित्रपटात ज्या कोब्रा आणि जीटी-४० मोटारी धावताना दिसतात, त्यांत या कंपनीच्या मोटारी आहेत. युटा राज्यातील कर्कहॅम यांचा प्रकार निराळाच. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पोलंडमधील, एकेकाळी मिग लढाऊ विमाने बनवणाऱ्या कारखान्यातील कुशल हात रिकामे झाले होते. त्यांच्याकडून या मंडळींनी ॲल्युमिनियमची अंगे घडवून घेतली. ती मोटार इतकी मुळाबरहुकूम असते की तिचे काही भाग मूळ कोब्रांच्या दुरुस्तीसाठीही वापरता येतात. किंमत अर्थात त्याच मानाने.

संच विकण्याच्या प्रथेमागे हौसेइतकेच कराचेही कारण होते, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांची 'लोटस सेव्हन' आली. अंगावर मांस नसलेली, हलकी, शर्यतीत आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी अशी ही मोटार. तयार मोटारीवर तेव्हा खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती संच रूपात विकली जाई. संचाबरोबर जुळणीची पुस्तिका देण्याची मुभा नव्हती; त्यावर उपाय म्हणून मोटार सुटी कशी करावी याची माहिती दिली जाई आणि ग्राहक ती शेवटाकडून वाचे, असे आजही रंगवून सांगितले जाते. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि ती मोटार आजतागायत बनते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. पूर्ण झालेली जुनी प्रतिकृती घेणाऱ्याने मोटार कोणत्या कंपनीची, हे विचारण्यापूर्वी ती कोणी जुळवली हे विचारावे. एकाच संचातून एका घरी घड्याळासारखी मोटार निघते आणि शेजारच्या घरी खुळखुळा. जुळवणाऱ्याने कामाची वही ठेवली असेल, भागांची बिले जपली असतील, सांगाडा उघडा असतानाची छायाचित्रे काढली असतील, तर तो माणूस शिस्तीचा समजावा. यानंतर दाराच्या फटी पाहाव्यात. चहूबाजूंनी त्या सारख्या नसतील तर अंग सांगाड्यावर ओढूनताणून बसवलेले असते. फायबरच्या अंगाला बिजागऱ्यांच्या आसपास कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्यांवर नुसता रंग मारून भागत नाही. रंगाची चमक सगळ्यांना दिसते, विजेच्या तारांची गुंडाळी कोणी पाहत नाही; आणि अशा मोटारी बंद पडतात त्या बहुधा तारांमुळे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. जेमतेम टनभर वजनाच्या मोटारीत चारशे अश्वशक्तीचे इंजिन बसवणारा माणूस पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल तितक्याच आस्थेने साधतोच असे नाही. या मोटारीत मूळचे ना एबीएस, ना एअरबॅग. मागची रुंद चाके ओल्या रस्त्यावर क्षणात सुटतात. हौस ज्याची त्याची असली तरी घरची माणसे शेजारच्या आसनावर बसणार असतात, म्हणून हा भाग कोणाही विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. स्वतंत्र तंत्रज्ञाकडून मोटार उचलून खालून तपासून घ्यावी.

इंजिनाचा मोहही असाच. सात लिटरचे इंजिन ऐकायला भारी वाटते, पण ते जड असते, तापते आणि पुढचा भार वाढवते. फोर्डचे पाच लिटरच्या आसपासचे लहान व्ही-८ इंजिन हलके, भाग सहज मिळणारे आणि रस्त्यावर पुरून उरणारे. बहुसंख्य समंजस मालक तेच निवडतात. शेव्हरोलेचे इंजिन बसवलेली कोब्रा स्वस्त पडते, पण पुन्हा विकताना तिचा भाव उतरतो. जाणत्या ग्राहकाला ती सून दुसऱ्याच घरची वाटते.

यापुढचा प्रश्न कागदांचा, आणि खरी जोखीम तेथेच आहे. प्रत्येक मूळ कोब्राचा क्रमांक, तिचे पहिले मालक, तिच्या शर्यती यांची नोंद जाणकारांनी अनेक वर्षे खपून तयार केली आहे. तरीही जेथे असल आणि नक्कल यांच्या किमतीत दहापट अंतर असते, तेथे क्रमांकाच्या एका पत्र्याला मोटारीपेक्षा अधिक मोल येते. अमेरिकेत कित्येक प्रतिकृतींच्या नोंदणीपत्रावर बनल्याचे वर्ष '१९६५' असे लिहिलेले आढळते, कारण काही राज्यांत मोटार ज्या नमुन्यासारखी दिसते त्या नमुन्याचे वर्ष लिहिण्याची सोय आहे. कॅलिफोर्नियात धूरनियमांपुरती अशी सवलत वर्षाला पाचशे मोटारींना मिळते. ही सवलत कायदेशीर आहे. पण पुढच्या ग्राहकासमोर तोच कागद पुरावा म्हणून ठेवला की तिचे रूप बदलते. ब्रिटनची पद्धत या बाबतीत अधिक रोखठोक आहे. घरी जुळवलेल्या मोटारीला तेथे सरकारी तपासणीतून जावे लागते, आणि भागांचे वय वा उगम सिद्ध करता आला नाही तर तिला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. ते अक्षर पाहताच कोणालाही कळते की ही मोटार मिश्र कुळाची आहे. विकताना चार पैसे कमी येतात म्हणून मालक त्याच्यावर रुसतात. पण प्रामाणिक शिक्का तो हाच.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे: खऱ्या मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा माल खपवणे. दोष प्रतिरूपात नाही, व्यवहारात आहे, हे त्या शब्दयोजनेतच स्पष्ट आहे. सोन्याचा मुलामा दिलेली बांगडी मुलाम्याची म्हणून विकणारा दुकानदार निर्दोष. तीच बावीस कॅरेटच्या बिलावर विकणारा चोर. कोब्रा आणि शेल्बी ही नावे नोंदलेली व्यापारचिन्हे असल्याने पुष्कळ उत्पादक आपल्या मोटारीला नुसते 'रोडस्टर' म्हणतात. मग काही ग्राहक बाजारातून मूळ चिन्हे विकत आणून नाकावर चिकटवतात. तेवढ्याने कोणी मोठा अपराधी ठरत नाही; पण पेट्रोल पंपावर हमखास येणाऱ्या "ही खरी आहे का?" या प्रश्नाला त्या दिवसापासून उत्तर देणे थोडे अवघड होते. या मोटारीच्या मालकाला तो प्रश्न आयुष्यभर पुरतो. अनुभवी मालक पहिल्याच वाक्यात "प्रतिकृती आहे" असे सांगून मोकळे होतात आणि मग गप्पा अधिक रंगतात, असे दिसते.

कधी कधी नकलेसाठी असलाचा बळी जातो, हा या हौसेचा सर्वांत वाईट भाग. फेरारीच्या २५० जीटीओ मोटारी केवळ ३६ बनल्या. त्यांपैकी एक २०१८ साली ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिच्या प्रतिकृतींसाठी त्याच काळातील फेरारी २५० जीटीई ही चार आसनांची, घरगुती म्हणावी अशी मोटार वर्षानुवर्षे कापली गेली. आतून खरी फेरारी, वरून खोटी जीटीओ. तेव्हा जीटीई स्वस्त होती, कोणाला हळहळ वाटली नाही. आज धडधाकट जीटीईच दुर्मीळ होऊन महागली आहे. २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने जीटीओला कलाकृती मानून तिची नक्कल करण्याचे इतरांचे मार्ग बंद केले. उलट मूळ कारखानेच जुनी मोटार पुन्हा बनवू लागले तर तिला काय म्हणावे? जग्वारच्या कारखान्याला फेब्रुवारी १९५७ मध्ये आग लागली आणि २५ ठरवलेल्या 'एक्सकेएसएस' मोटारींपैकी १६ च पूर्ण झाल्या. उरलेल्या नऊ आपण आता बांधत आहोत, असे जग्वारने २०१६ साली जाहीर केले. किंमत प्रत्येकी दहा लाख पौंडांहून अधिक. आगीत गेलेल्या मालाची मागणी साठ वर्षांनी पुरी करणारी पेढी व्यापाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मालकीचे सुख-दुःख विचाराल तर दोन्ही शरीरालाच अधिक जाणवतात. पायांच्या दोन्ही बाजूंनी इंजिनाची धग येते. ४२७ नमुन्यात धुराची नळी दाराखालून बाहेरून जाते. उतरताना पोटरी तिला लागली की भाजल्याचा डाग राहतो, आणि तो डाग नसलेला जुना मालक विरळा. छप्पर असल्यासारखे असते, काच गुंडाळता येत नाही, सामान ठेवायला जागा नाममात्र. कार्ब्युरेटरची मोटार महिनाभर उभी राहिली तर सुरू करताना मिनतवारी करावी लागते. टायर झिजण्यापूर्वीच वयाने कडक होतात. विम्याची रक्कम आधी ठरवून करार करणे शहाणपणाचे, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला कोणत्या वर्षाची मोटार धरील हे सांगता येत नाही. गुंतवणूक म्हणून तर या वस्तूकडे पाहूच नये. संचावर आणि मजुरीवर झालेला खर्च विक्रीत क्वचितच पूर्ण वसूल होतो. एक बाब मात्र या वाचकांना विशेष वाटेल. मूळ कोब्राची आसने चामड्याची होती. प्रतिकृतीत सर्व काही मालकाच्या निवडीवर असल्याने चामड्याचा स्पर्श नसलेली मोटार पहिल्या दिवसापासून करून घेता येते, आणि मुळाशी तेवढी बेइमानी करण्यात कोणताही संकोच वाटण्याचे कारण नाही.

भारतात ही हौस बहुतांशी परदेशस्थ कुटुंबांपुरतीच शक्य आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण ती मूळ रूपातील मोटारींना. नव्या प्रतिकृतीला तिचा आधार नाही. घरी जुळवलेल्या मोटारीसाठी ब्रिटनसारखी सोपी तपासणीची वाट येथे नाही. जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर गॅरेजमध्ये निराळे अंग चढवून देणारे कारागीर भेटतात, त्यांचे हातही चांगले असतात. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पाहता उत्पादकाने ठरवलेल्या रूपात असे मूलभूत बदल केलेली मोटार रस्त्यावर आणणे नियमबाह्य आहे, आणि अपघात झाल्यास विमाही हात वर करू शकतो.

तरी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या गोष्टीचा एक लहानसा अध्याय लिहिला गेला आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने लोटस सेव्हनच्या धर्तीवर 'रोडस्टर १.८ एस' नावाची मोटार बांधली. अंग फायबरचे, आणि लांब नाकाखाली इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. तेच, जे हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांतून या देशातील रस्त्यांना परिचित होते. त्या मोटारीने लोटस असल्याचा आव आणला नाही, नाव स्वतःचेच लावले. तशी एखादी आजही विकायला निघाली तर घेणाऱ्याने नोंदणीपुस्तक आधी हातात घ्यावे, इंजिनाचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा, आणि मगच दाराशिवायच्या त्या अरुंद आसनात पाय घालून बसून बघावे.